घरच्या बायोडिझेलसाठी इलेक्ट्रिक ट्रान्सफर पंप बसवायचाय, कोणता घेऊ?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. भडगावजवळ शेती आहे, कपाशी, थोडी केळी. दोन वर्षं झाली फरसाणवाल्यांकडून आणि लग्नाच्या आचाऱ्यांकडून जळकं तेल गोळा करून घरच्या घरी बायोडिझेल बनवतोय, फक्त स्वतःपुरतं, नदीवरच्या जुन्या लिस्टर टाईप (हळू फिरणाऱ्या डिझेल) इंजिनाला आणि थोडं जुन्या ट्रॅक्टरला डिझेलमध्ये मिसळून. माल तयार होतो तो २०० लिटरच्या ड्रममध्ये, तिथून इंजिनाच्या टाकीत किंवा कॅनमध्ये भरायला आतापर्यंत हाताने फिरवायचा बॅरल पंप होता. तो आता खालून गळतो, दांडा फिरवताना जड जातो, आणि वडिलांचं वय झालं, त्यांना एकट्याला ते जमत नाही.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. एक, १२ व्होल्टचा डीसी डिझेल पंप, ४० लिटर मिनिटाला, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा. दोन, सिंगल फेजचा २३० व्होल्टवाला, ६० लिटरचा, सोबत मीटर आणि नोझल. तीन, घरी अर्ध्या एचपीची पाण्याची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेली) पडून आहे, तीच लावून टाकायची. शेतातली लाईट एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री, त्यात पण व्होल्टेजचा भरवसा नाही. कोणी वापरलंय का? नळी कोणती, फिल्टर कुठे, सगळं सांगा. आणि "त्यापेक्षा डिझेल विकत घे" हे सांगू नका, ते घरात रोज ऐकतोय 😀

केळीवाला_रावेर
मोनोब्लॉक लाव ना भाऊ, पडून आहे तर कशाला नवीन खर्च. आमच्या इथे एकाने जळकं तेल ड्रममधून कढईत घ्यायला तीच लावली, मस्त फेकते.

फिटर_भुसावळ
रावेरवाले भाऊ, राग मानू नका पण हा सल्ला धरू नये. मोनोब्लॉक सेंट्रिफ्युगल असते, ती स्वतः हवा ओढून टाकत नाही, आधी पूर्ण भरून द्यावी लागते. ड्रमच्या वरून नळी टाकून ओढायचं म्हटलं की दर वेळी प्रायमिंग, दर वेळी हात तेलाचे, आणि फूट व्हॉल्व्ह (नळीच्या खालच्या टोकाला, तेल परत जाऊ न देणारा) जरा लीक झाला की परत पहिल्यापासून. दुसरं, तिचा मेकॅनिकल सील पाण्यासाठीचा, त्यातलं रबर बहुतेक वेळा नायट्राइल, ते बायोडिझेलमध्ये फुगतं आणि मऊ पडतं. इंपेलर पितळी असेल तर अजून वेगळी कटकट. तुमच्या त्या माणसाची चालली कारण तो नुसतं तेल ओढतोय, बायोडिझेल नाही.

गिरणाकाठ, तुझ्या कामाला व्हेन पंपच हवा. आत एक रोटर असतो, त्याच्या खाचांमध्ये सरकत्या पट्ट्या, त्या पट्ट्या भिंतीला घासून हवा पण ओढतात आणि मग तेल पण. म्हणून सेल्फ प्रायमिंग. तू लिहिलेला १२ व्होल्टचा आणि २३० चा, दोन्ही त्याच जातीचे असणार. फरक मोटरचा.

पंप घेताना प्लेटवर तीन गोष्टी बघ. करंट किती खातो, ड्यूटी किती (छोटे डीसी पंप बहुतेक ३० मिनिटं चालवून थंड करायचे असतात) आणि आत बायपास आहे का. बायपास म्हणजे नोझल बंद केलं तरी पंप फिरत राहतो तेव्हा तेल आतल्या आत फिरवणारा व्हॉल्व्ह. तो नसेल तर नोझल बंद केल्यासोबत नळी किंवा सील फाटेल. आणि असला तरी नोझल बंद करून दोन-तीन मिनिटांच्या वर चालू ठेवायचा नाही, तेच तेल फिरून गरम होतं.

२०० लिटरचा ड्रम ४० च्या पंपाला कागदावर पाच मिनिटं. फिल्टर, नळी, जाड तेल हे धरलं तर सात-आठ धर. ड्यूटीचा प्रश्नच येत नाही. ६० लिटरवाल्याची तुला गरज नाही असं माझं मत.

प्रयोगशाळेतली_ताई
मी अमळनेरला ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, म्हणून जरा घुसते. फिटर भाऊ पंपाच्या आतलं बोलले, मी बाहेरचं बोलते, कारण घरगुती बायोडिझेलमध्ये पंपापेक्षा त्यात काय उरलंय हे जास्त महत्त्वाचं.

नीट धुतलेलं, वाळवलेलं बायोडिझेल पेट घ्यायला डिझेलपेक्षाही अवघड, त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते) १०० अंशांच्या वर असतो. पण बायोडिझेल बनवायला तेलात जे मेथेनॉल (एक विषारी अल्कोहोल) मिसळतो, त्याचा फ्लॅश पॉइंट साधारण ११-१२ अंश. म्हणजे आपल्याकडे वर्षभर, थंडीची एखादी पहाट सोडली तर, उघड्या मेथेनॉलवर पेट घेईल इतकी वाफ कायम असते, एप्रिल-मे तर विचारूच नका. धुताना आणि वाळवताना मेथेनॉल पूर्ण गेलं नसेल तर थोड्याशा उरलेल्यानेही सगळ्या ड्रमचा फ्लॅश पॉइंट धाडकन खाली येतो. मग तुम्ही समजता डिझेलसारखा माल आहे आणि पंपाची ब्रशवाली मोटर शेजारी ठिणग्या पाडत असते.

तर पहिला प्रश्न दादा, हा पंप फक्त तयार मालावर वापरणार आहात ना? की त्यानेच मेथेनॉल ओढणार, मिक्सिंग करणार, खाली बसणारं ग्लिसरीन काढणार?

गिरणाकाठ
ताई खरं सांगू का, डोक्यात होतं की एकच पंप घ्यावा आणि तिन्ही कामं करावी. रिअॅक्टर म्हणजे जुना गिझरचा टँक आहे, ढवळायला आत्ता हाताने फिरवतो.

प्रयोगशाळेतली_ताई
मग तेच नको. एकच पंप तिन्ही ठिकाणी वापरला की तीन गोष्टी होतात.

मेथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून जे बनतं ते ॲल्युमिनियम खातं आणि खाताना हायड्रोजन सोडतं. या छोट्या डिझेल पंपांपैकी बऱ्याच जणांची बॉडी ॲल्युमिनियमची असते. मेथेनॉलची वाफ आणि ब्रशची मोटर हे तर वर लिहिलंच. आणि ग्लिसरीन, साबण एकदा पट्ट्यांच्या खाचांत बसला की तोच पंप पुढच्या वेळी स्वच्छ मालात साबण सोडतो, तो साबण तुमच्या इंजिनाच्या फिल्टरमध्ये.

मेथेनॉल ओढायचं काम शक्यतो मोटरने करूच नका. कॅन वर ठेवा, झाकणबंद नळीने उतारावर खाली येऊ द्या. वाफ श्वासात घेऊ नका, हातमोजे घाला, ते कातडीतूनही शरीरात जातं. आणि दिवसा त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही, हे कायम डोक्यात ठेवा. शेडला दोन बाजूंनी उघडं ठेवा, विडीवाल्या पाहुण्यांना लांब बसवा.

(अवांतर: अमळनेरला तेलाचा इतिहास जुना आहे हो. १९४५ साली इथे वनस्पती तूप बनवायची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. त्यामुळे तुमचा जळक्या तेलाचा उद्योग गावाच्या परंपरेतच बसतो.)

पांझरेकर
हा हा ताई. म्हणजे भाऊ काही वर्षांनी सॉफ्टवेअर कंपनी काढनार शे!

गिरणाकाठ
😂 आधी पंप तर लागू द्या. बरं, पटलं, पंप फक्त तयार मालावर. आता १२ की २३०?

डीपीवाला
वायरिंगचं काम करतो, पारोळा साईड. शेतात असेल तर डोळे झाकून १२ व्होल्ट घे. लाईटची वाट बघायची नाही, ट्रॅक्टर नेशील तिथे पंप. शिवाय ओल्या जागेत २३० ची उघडी वायर आणि तेलकट हात मला तरी आवडत नाही. घरी पक्क्या शेडमध्ये अर्थिंग आणि ईएलसीबीसोबत (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) बसवणार असशील तर २३० चालेल, मोटर पण जास्त टिकते कारण ब्रश नाहीत.

पण १२ व्होल्टवाल्यात सगळ्यांचं एकाच ठिकाणी चुकतं, वायर. पंपाबरोबर दोन मीटर वायर आणि मगरीचे चिमटे येतात, मग लोक त्याला घरातली दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिमी जाडीची) वायर जोडून लांब करतात आणि म्हणतात पंप कमजोर आहे. हिशेब बघ. पंप भरात २० अँपिअर ओढतोय, बॅटरी चार मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर तांबं. दीड स्क्वेअरच्या वायरीत १.८ व्होल्ट वायरीतच गेले. बॅटरीला १२.४ असेल तर पंपाला साडेदहा मिळतात. मोटर हळू, धार बारीक. अडीच स्क्वेअरला १.१ व्होल्ट, सहा स्क्वेअर घेतलीस तर अर्धा व्होल्टसुद्धा जात नाही. ट्रॅक्टरचं इंजिन आयडलवर चालू ठेवलंस तर अजून बरं, पण मग धूर आणि सायलेन्सर शेडपासून लांब.

फ्यूज बॅटरीजवळ, पंपाजवळ नाही. वायर मधेच कुठे घासून बॉडीला लागली तर वाचवायला. प्लेटवरच्या करंटपेक्षा थोडा वरचा, म्हणजे २० ओढणाऱ्याला २५-३०. आणि चिमटा लावताना पहिले पंपाचं बटण बंद, शेवटचा चिमटा बॅटरीपासून लांब चेसिसला. बॅटरीवर ठिणगी पाडायची नाही.

घरातल्या बॅटरी चार्जरवर थेट पंप चालवू नको, त्याचं आउटपुट सरळ नसतं आणि स्टार्टचा धक्का त्याला झेपत नाही.

फिटर_भुसावळ
वायरीचं बरोबर बोलले भाऊ. मी एक भर घालतो, ऑनलाइन स्वस्तातले पंप ४० लिटर लिहितात ते शून्य उंचीवर, नळीशिवाय, पातळ डिझेलवर मोजलेलं असतं. तू ३० पकड. बायोडिझेल डिझेलपेक्षा थोडं जाड असतं.

गिरणाकाठ
ठरलं मग, १२ व्होल्ट. आता फिटिंग. दुकानदार म्हणतो जीआय पाईप, पितळी फूट व्हॉल्व्ह, आणि पारदर्शक पीव्हीसीची जाळीवाली नळी. घेऊ का?

प्रयोगशाळेतली_ताई
तिन्ही नको 😀

जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा. जस्त, तांबं, पितळ, शिसं, कथील हे धातू बायोडिझेलला लवकर खराब करतात, माल काळपट पडतो, गाळ आणि चिकटा तयार होतो. एका दिवसात नाही होणार, पण तेल तिथेच महिनाभर उभं राहिलं तर होणार. त्याऐवजी साधा काळा लोखंडी पाईप, स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियम चालतं. तयार, धुतलेल्या बायोडिझेलला ॲल्युमिनियमचा त्रास नाही, तो कॉस्टिकवाल्या बाजूला. म्हणूनच सांगते, बाजू वेगळ्या ठेवा.

पारदर्शक पीव्हीसी नळी सुरुवातीला मस्त दिसते, पुढे एक तर कडक होते नाहीतर चिकट. बाकी नेहमीच्या रबरी नळ्या नायट्राइलच्या, त्यांचं काय होतं ते वर आलंच. नैसर्गिक रबर तर अजून वाईट. टिकणारं रबर म्हणजे व्हायटॉन. एचडीपीई (जाड प्लास्टिक) चालतं, म्हणून तुमचा ड्रम निळा प्लास्टिकचा असेल तर ठीक आहे.

फिटर_भुसावळ
व्हायटॉनची अख्खी नळी आपल्या बजेटमध्ये बसत नाही ताई, आणि इकडे मिळायला पण वांधे. मी काय करतो सांगतो. ओढायच्या बाजूला ड्रमात एक स्टेनलेसचा पाईप, एक इंची, तो बुचातून आत. वरचा जोड आणि पंपापर्यंतचा छोटा तुकडाच नळीचा. बाहेरच्या बाजूला डिझेल पंपाची चांगली नळी लावायची आणि ती वापरून झाली की उचलून मोकळी करायची. आत तेल उभं राहिलं नाही की नायट्राइल पण बऱ्यापैकी टिकतं. ती खर्चाची वस्तू धरायची, मऊ पडली की बदलायची. पण पंपाच्या आतला शाफ्ट सील आणि ओ रिंगा मात्र उघडून मापाच्या व्हायटॉनच्या बसव. जळगावला एमआयडीसीच्या बाजूला ऑइल सीलवाल्यांकडे माप घेऊन गेलास तर मिळतात. साधारण काळ्या येतात तशा ब्राऊन किंवा हिरव्या पण असतात, रंगावर जाऊ नको, दुकानदाराकडून नक्की करून घे.

चुडीच्या (आट्यांच्या) जोडांना टॅफलॉन टेप चालते, फक्त पहिली चुडी मोकळी सोड, नाहीतर टेपेचा तुकडा पट्ट्यांत जाऊन बसतो.

तापीकाठचा_नाना
मी वाचून वाचून दमलो भो. आमच्याकडे इंजिनात रॉकेल टाकून पण चालवायचे.

पांझरेकर
नाना ते दिवस गेले, आता रॉकेल कुठे मिळतंय.

गिरणाकाठ
ड्रममध्ये पाईप किती खोल सोडू? तळापर्यंत सोडला तर शेवटचं दहा-पंधरा लिटर पण निघेल ना.

फिटर_भुसावळ
तेच निघायला नको. तळाशी पाणी, साबण, न बसलेलं ग्लिसरीन, सगळा गाळ तिथेच. तळापासून तीन-चार इंच वर ठेव. महिन्यातून एकदा ड्रम तिरका करून तो गाळ वेगळा काढायचा. पाईपाचं टोक तिरकं काप म्हणजे चुकून खाली टेकलं तरी चोक होत नाही.

आणि हे लोक विसरतात: ड्रमाला दोन बुचं असतात, एक दोन इंची, एक पाऊण इंची. पंप मोठ्यात बसवलास आणि छोटं घट्ट बंद राहिलं तर आत हवा जायला जागाच नाही, पंप ओढत राहतो आणि ड्रम आत पिचकतो. पंप चालू असताना छोटं बूच सैल, काम झालं की घट्ट. उघडं ठेवून जायचं नाही, बायोडिझेल हवेतली ओल डिझेलपेक्षा जास्त घेतं, आणि पावसाळ्यात तर बघायलाच नको.

फिल्टर कुठे हा पण वाद असतो. बारीक फिल्टर ओढायच्या बाजूला लावू नका. तिथे नुसती मोठी जाळी, पंपात खडा-कचरा जाऊ नये म्हणून. बारीक १० मायक्रॉनचा ढकलायच्या बाजूला, पंपानंतर. ओढणाऱ्या बाजूला अडथळा टाकला की पंप उपाशी राहतो, आत फेस होतो आणि खडे भरल्यासारखा आवाज यायला लागतो.

केळीवाला_रावेर
पाणी शोषणारे फिल्टर येतात ना डिझेल पंपावर असतात तसे, ते लावले तर धुणं-वाळवणं वाचेल का?

प्रयोगशाळेतली_ताई
नाही दादा, उलट. त्या फिल्टरमध्ये साबण आणि पाणी एकदम आलं की तो लगेच चोक होतो. तो शेवटचा पहारेकरी, धुण्याला पर्याय नाही. माल वाळलाय का बघायची घरगुती पद्धत, काचेच्या ग्लासात घेऊन त्याच्या मागे छापील कागद धरा, अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत. धुरकट असेल तर पाणी आहे, पुन्हा गरम करून उघड्यावर वाळवा.

आणि रिअॅक्शन पूर्ण झाली का, याला ३/२७ ची चाचणी. २७ मिली मेथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल हलवा, थोड्या वेळाने खाली तेलाचे थेंब बसले तर न बदललेलं तेल शिल्लक आहे. ते पंपाला नाही पण इंजिनाच्या नोझलला त्रास देणार.

सातपुड्यातून
नंदुरबारकडून लिहितो. तुमच्याकडे जळकं तेल मिळतं, आमच्याकडे मोहाच्या बियांचं तेल. ते चालेल का याच पद्धतीने?

प्रयोगशाळेतली_ताई
सरळ चालणार नाही भाऊ. मोहाच्या तेलात फ्री फॅटी अॅसिड खूप असतं, सरळ कॉस्टिक टाकलं तर बायोडिझेल कमी आणि साबण जास्त. आधी अॅसिड वापरून एक टप्पा करावा लागतो. ते सल्फ्युरिक अॅसिडचं काम, घरी करा असं मी सांगणार नाही. आणि ते तेल तुमच्याकडे खायला, दिव्याला वापरतात ना, त्याचं तसंच वापरणं बरं.

धुळे_शिरपूर_रोड
कोणीच थंडीचं बोललं नाही. गिरणाकाठ, तू फरसाणवाल्यांकडून आणतोस म्हणजे बहुतेक पामतेल. पामतेलाचं बायोडिझेल १३ ते १६ अंशालाच धुरकट व्हायला लागतं आणि त्याच्या खाली घट्ट. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा ६-७ वर येतो, तुमच्याकडे पण पहाटे फार वेगळं नसतं. सकाळी सहाला पंप लावला तर ड्रममध्ये तुपासारखा थर, जाळी चोक, आणि १२ व्होल्टची मोटर तडफडत जास्त करंट ओढते. थंडीत दुपारी बारानंतरच भर, ड्रम उन्हात ठेव. रात्रीसाठी टाकीत डिझेलचं प्रमाण वाढव. सोयाबीन तेलाचं बायोडिझेल शून्याच्या आसपासपर्यंत टिकतं, म्हणून थंडीत घरगुती सोयाबीन तेल वापरणाऱ्यांकडचा माल वेगळा ठेवत जा. पामचा माल उन्हाळ्यात संपव.

गिरणाकाठ
हे भारी सांगितलं भाऊ. मागच्या थंडीत इंजिन पहाटे बंद पडायचं ते याचमुळे असेल, मी समजत होतो पाणी आलं.

चाळीसगाव_एक्स्प्रेस
एक शंका. हे सगळं कायद्यात बसतं का? उगाच घरी पोलीस यायचे.

प्रयोगशाळेतली_ताई
विकायचं नाही, हा पहिला मुद्दा. बायोडिझेल विक्रीसाठी केंद्राची २०१९ ची नियमावली आहे, त्यात नोंदणी लागते. मेथेनॉल विषारी पदार्थांच्या नियमात येतं, घ्यायला-ठेवायला परवाना लागतो, तो विषय जिल्ह्याच्या संबंधित कार्यालयात विचारून घ्या, कोपऱ्यातल्या दुकानातून गुपचूप कॅन आणू नका. आणि तेलाच्या बाजूलाही नियम आहेत. २०१८ पासून तळणीच्या तेलात पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते खाण्यासाठी वापरता येत नाही, आणि रोज ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांनी वापरलेल्या तेलाची नोंद ठेवून ते नोंदणीकृत गोळा करणाऱ्यांनाच द्यायचं असतं. म्हणून मोठ्या हॉटेलवाल्यांकडून नेताना आधी विचारा. लग्नाचे आचारी, घरं, छोटे गाडे, तिथून ठीक.

डीपीवाला
आणि नवीन ट्रॅक्टर असेल तर त्यात हे टाकू नका रे. ५० एचपीच्या वरचे २०२३ पासूनचे बरेचसे कॉमन रेलचे (जास्त दाबाच्या, नाजूक इंजेक्टरच्या इंजिनाचे) आहेत, इंजेक्टर बदलायला ट्रॉलीभर कापूस विकावा लागेल. जुनं पंपवालं इंजिन असेल तरच. आणि वॉरंटी गेलीच समज.

गिरणाकाठ
माझा जुना आहे, वॉरंटी कधीच गेली.

---

गिरणाकाठ
अपडेट. पंप आला, ४० लिटरवाला, बॉडी ओतीव लोखंडाची मिळाली, बायपास आहे. सील आणि दोन ओ रिंगा व्हायटॉनच्या बसवल्या (फिटर भाऊ धन्यवाद, दुकानदाराने आधी नायट्राइलच दिल्या, मग मी दुसरीकडे गेलो). सहा स्क्वेअरची वायर, बॅटरीजवळ फ्यूज. ड्रमात स्टेनलेस पाईप तळापासून चार इंच वर. पाईपापासून पंपापर्यंत हातभर पारदर्शक नळी लावलीय, दुसरी मिळेपर्यंत, म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. पुढे १० मायक्रॉन, मग मीटर, मग नोझल.

चालू केला, तेल आलं, पण दोन प्रॉब्लेम. एक, पारदर्शक नळीत बारीक बुडबुडे सतत, पंप घर्रर्र आवाज करतो आणि धार मधेच बारीक होते. बाहेर कुठेच गळत नाही, सगळं कोरडं. दुसरं, मीटर २० लिटर दाखवतो तेव्हा कॅन नीट भरलेला नसतो.

फिटर_भुसावळ
गळत नाही म्हणजे तीच तर खूण. ओढायच्या बाजूला जोड सैल असला तर तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. एकेक जोडावर थोडं घट्ट ग्रीस चोपड आणि पंप चालू ठेव. ज्या जोडावर ग्रीस लावल्यावर आवाज बदलतो आणि बुडबुडे थांबतात तो जोड. बहुतेक स्टेनलेस पाईपावर जिथे नळी चढवलीय तिथे, स्टेनलेस गुळगुळीत असतो, क्लिप घसरते. दोन क्लिपा उलट दिशेने लाव.

त्यानेही नाही गेलं तर पाईपाच्या तोंडावरची जाळी काढून बघ, साबण असेल.

मीटरमध्ये हवा गेली की ती पण लिटर म्हणून मोजते. म्हणून तुझे दोन प्रॉब्लेम बहुधा एकच आहेत. आधी हवा घालव.

प्रयोगशाळेतली_ताई
मीटर तपासायला वजन वापरा दादा. आपल्याकडच्या तापमानाला बायोडिझेलचं २० लिटरचं वजन साधारण साडेसतरा किलोच्या आसपास येतं. रिकाम्या कॅनचं वजन आधी घ्या. हवा गेल्यावरही फरक राहिला तर मीटरच्या आत दुरुस्तीचा स्क्रू असतो बहुतेकांना, तो थोडा थोडा फिरवायचा आणि प्रत्येक वेळी पुन्हा वजन. मीटर डिझेलवर सेट करून येतो, तुमचं तेल जाड आहे, थोडा फरक राहणारच.

गिरणाकाठ
तोच जोड निघाला. दोन क्लिपा मारल्या, आवाज गेला. जाळीवर पण साबणासारखा चिकटा होता, म्हणजे माझं धुणं अजून सुधारायला लागेल, ताईंचं ग्लास-कागद आज करून बघितलं तर अक्षरं धुरकट दिसतात. हा ड्रम पुन्हा गरम करून वाळवतो, तोपर्यंत इंजिनात डिझेल. वजनाने मीटर २० ला थोडा जास्त दाखवतो, स्क्रू फिरवून जवळ आणला.

अजून एक विचारायचंय. इंजिनाची टाकी उंच आहे, ड्रम खाली. पंप बंद केला की नळीतलं तेल उलटं ड्रममध्ये जातं, पुढच्या वेळी परत ओढायला वेळ लागतो. आणि शेजारच्या मळ्यात उलटं आहे, ड्रम मचाणावर आणि टाकी खाली, तिथे काय करू?

फिटर_भुसावळ
पहिल्या ठिकाणी ड्रमातल्या पाईपाच्या खालच्या टोकाला स्टेनलेसचा नॉनरिटर्न व्हॉल्व्ह बसव, पितळी नको. थोडं प्रायमिंग टिकेल. बाहेरची नळी मात्र मोकळी करायचीच, ते मी आधी सांगितलंय.

मचाणावरच्या ठिकाणी जास्त सांभाळ. पंप बंद असला तरी व्हेनमधून हळूहळू तेल खाली उतरत राहतं, नोझल नीट बंद नसेल तर सकाळपर्यंत ड्रम रिकामा आणि जमीन तेलाची. ड्रमाच्या तोंडालाच स्टेनलेसचा बॉल व्हॉल्व्ह लाव आणि काम झालं की आधी पंप बंद, मग लगेच तो. खरं तर तिथे पंपाची गरजच नाही, उतारावर फिल्टर लावून सोड, हळू भरेल पण लाईट नको, बॅटरी नको.

तापीकाठचा_नाना
हेच मी म्हणत होतो, मचाण बांधा अन् मोकळे व्हा भो.

गिरणाकाठ
नाना, २०० लिटर मचाणावर चढवणार कोण, तुम्ही येता का 😀

डीपीवाला
चढवायला पण तोच पंप लाव, खालच्या ड्रममधून वरच्यात. फक्त वरच्या ड्रमाचं छोटं बूच उघडं ठेव आणि कोणीतरी बघत उभं राहा, तिथे नोझल आपोआप बंद होणार नाही.